फेरतपासणी

हिवराळे सरांना वर्गात येताना आम्ही कधी पाहिलं नाही. आम्ही पोहोचायचो तेव्हा ते येऊन बसलेले असायचे. तेही टेबलापाशी नाही, तर सगळ्यात शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून. समोर फळा, टेबल, खुर्ची, आणि त्या खुर्चीत कोणी नाही. आवाज मागून यायचा. पहिल्या आठवड्यात आमच्या माना सारख्या मागं वळायच्या. मग सर म्हणायचे, "पुढं बघा. कोर्टात तुमच्या मागं कोण बसलंय ते तुम्हाला दिसत नसतं. तरी ते तुमचं ऐकत असतं."

नंतर सवय झाली असं म्हणायला हवं, पण माझ्यापुरतं सांगायचं तर झाली नाही. त्यांचा तास असला की मानेवर, वेणीच्या खाली, कोणीतरी हात न लावता धरून ठेवल्यासारखं वाटायचं.

त्याहून विचित्र होती ती त्यांची हजेरी. पटावरचं शेवटचं नाव घेऊन झालं की सर आणखी एक नाव घ्यायचे. "ठकूबाई." मग थांबायचे. एखादा उशिरा आलेला विद्यार्थी धावत येईल म्हणून थांबावं तसे, दाराकडं बघत. कोणी ओ द्यायचं नाही. सर पट मिटायचे आणि शिकवायला लागायचे. आमच्या वर्गात ठकूबाई नावाचं कोणी नव्हतं. वरच्या वर्गातली मुलं सांगायची की त्यांच्या वेळीही नव्हतं. कोणी म्हणायचं, फार पूर्वी या वर्गात एक मुलगी होती, ती परीक्षेच्या आधी गेली. कोणी आणखी काही सांगायचं. सरांना विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

ते आम्हाला पुरावा कायदा शिकवायचे. बाकीचे प्राध्यापक नोट्स सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, आणि परीक्षा जवळ आली की झेरॉक्सच्या दुकानात रांग लावायचो. निम्मा वर्ग कुठंतरी नोकरीला, हजेरीपुरता येणारा. कॉलेजात पास व्हायचं, वकिली नंतर कुठल्यातरी सीनियरच्या हाताखाली शिकायची, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. सरांना ते मान्य नव्हतं. "नंतर शिकाल ते दुसऱ्याच्या जिवावर शिकाल," एवढंच म्हणायचे. पहिल्या दिवसापासून आम्हाला वकीलसाहेब आणि वकीलबाई म्हणायचे. त्यात थट्टा नसायची. ऐकताना उलट जरा भीतीच वाटायची, आपण आधीच काहीतरी केलेलं आहे आणि सरांना ते माहीत आहे अशी.

वर्षं दुष्काळाची होती. शहर मात्र फुगत चाललं होतं. जालना रोडला महिन्याला नवी इमारत उभी राहायची आणि त्याच रस्त्यावर सकाळी टँकरमागं बायका धावत असायच्या. माझं गाव गंगापूर तालुक्यात. घरी मेंढरं होती, ती त्या साली चाऱ्यावाचून विकावी लागली. मी खोली करून राहत होते, आणि आमच्या घरात वकील होणारी पहिलीच होते. मला जिंकायची घाई होती हे कबूल करते.

सर आम्हाला जिल्हा न्यायालयात न्यायचे. आत नाही, व्हरांड्यात. प्रत्येकानं एक माणूस निवडायचा, त्याच्याजवळ दिवसभर बसायचं, आपणहून बोलायचं नाही, आणि संध्याकाळी दहा ओळी लिहून द्यायच्या. फक्त डोळ्यांनी पाहिलेलं. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ बसले आणि लिहिलं, 'म्हातारा फार दुःखी होता.' सरांनी ओळ खोडली.

"दुःख दिसलं का तुम्हाला?"

"दिसलं ना सर."

"कुठं होतं? हातावर? पायावर? काय दिसलं ते सांगा."

मी बराच वेळ आठवत राहिले. सर थांबले. प्रश्न विचारल्यावर थांबणं हे त्यांचं मोठं हत्यार होतं. समोरच्याच्या कानात स्वतःचंच रक्त वाजायला लागेपर्यंत ते थांबू शकत. शेवटी मला आठवलं. म्हाताऱ्याच्या पायात काही नव्हतं. चपला होत्या, पण त्यानं त्या पिशवीत घालून मांडीवर धरल्या होत्या. कोर्टात चपला घालून बसलेलं चालतं का, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"हे लिहा," सर म्हणाले. "हे कोणी खोडू शकणार नाही."

दुसऱ्या सत्रात अभिरूप न्यायालय झालं, म्हणजे वर्गातच भरवायचं खोटं कोर्ट. साक्षीदाराला त्याच्या बाजूचा वकील आधी विचारतो ती सरतपासणी. समोरचा विचारतो ती उलटतपासणी. उलटतपासणीत जे विस्कटलं असेल ते सावरायला पहिला वकील पुन्हा उभा राहतो ती फेरतपासणी. हे सर आमच्याकडून करून घ्यायचे. साक्षीदाराला मात्र पाठ केलेली गोष्ट सांगायची परवानगी नव्हती. त्याच दिवशी स्वतः पाहिलेली एक घटना सांगायची.

साक्षीदार होती वंदना, आणि उलटतपासणी माझ्याकडं. वंदना शहरातलीच, रेल्वे स्टेशनच्या मागच्या वस्तीतली. वडील पालिकेत सफाईला. भिंतीवर बाबासाहेबांचा कोट घातलेला फोटो बघत लहानाची मोठी झालेली आणि त्या कोटासाठीच कायद्याला आलेली. फार बोलायची नाही. तिनं सांगितलं, सकाळी वस्तीत टँकर मागं घेताना एका मावशीचा पाय चाकाखाली आला. मावशी ओरडली. टँकरवाला खाली न उतरता निघून गेला.

मी उठले. टँकरचा रंग विचारला. तिच्या हातात काय होतं ते विचारलं. दोन हंडे, दोन हातांत. तोंड कुणीकडं होतं? उगवतीकडं. म्हणजे ऊन डोळ्यांवर? हो. मोटार चालू होती? हो. नळी सोडलेली? हो. बायका भांडत होत्या? हो.

"मग मावशीचं ओरडणं तुम्हाला ऐकू आलं, की ओरडली असेल असं वाटलं?"

"ऐकू... आलं असेल."

"असेल?"

मी सरांचं हत्यार वापरलं. थांबले. वर्गात पंख्याचा तेवढा आवाज.

"तुम्ही स्वतः तिथं होता, की नंतर वस्तीत ऐकलंत?"

वंदनाचे ओठ हलले, आवाज नंतर आला. "मला वाटतं... मी नंतर ऐकलं."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी खाली बघितलं. तिच्या सलवारीच्या काठाला चिखल लागलेला होता. त्या उन्हाळ्यात शहरात टँकरखाली सोडून चिखल कुठंच नव्हता.

मागून सरांचा आवाज आला. "उत्तम. अगदी माझ्यासारखं केलंत, वकीलबाई."

शाबासकी अशा आवाजात देतात हे मला माहीत नव्हतं. वळून बघितलं तर सरांचा चेहरा राखेसारखा झालेला. ते उठले आणि भिंत धरत बाहेर गेले. परत आले ते तोंड धुऊन. आम्हा दोघींजवळ येऊन म्हणाले, "रविवारी मोकळ्या आहात का? फेरतपासणी राहिलीय."

सिडकोच्या नाक्यावरून आम्ही काळीपिवळी जीपनं निघालो. वंदना माझ्याशी बोलत नव्हती. शेंद्र्याच्या पुढं उतरलो आणि कच्च्या रस्त्यानं चालायला लागलो. वैशाखातली दुपार. आभाळ पांढरं. वाटेत एक वाडी लागली. पोरं-बाप्ये कंपनीत कामाला, बाकीचे जनावरं घेऊन चारा छावणीवर. घरं उघडी होती आणि आत कोणी नव्हतं. एका ओसरीवर रेडिओ चालू होता, ऐकायला माणूस नाही.

चालता चालता सर बोलायला लागले. साक्ष द्यावी तसं सरळ, आवाज न हलवता.

"तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. फौजदारी वकिली जोरात होती. इथल्या एका माणसानं बायकोला विहिरीत ढकललं असा खटला. बायकोचं नाव शांता. मी नवऱ्याचा वकील. पाहणारी एकच, शेरडं राखणारी बाई. मी तिला दीड दिवस पिंजऱ्यात उभं केलं. तिला विचारलं, त्या दिवशी शेळ्या किती होत्या? म्हणाली, अकरा. मी तिच्याच गावच्या माणसाकडून काढून ठेवलं होतं, एक शेळी दोन दिवस आधी बाजारात विकली होती. दहाच उरल्या होत्या. मी विचारलं, अकरावी कुठली पाहिलीत? ती बोटं मोजत राहिली. मी म्हणालो, बाई, जी शेळी नव्हती ती तुम्हाला दिसली, तर मग जो माणूस नव्हता तोही दिसला असेल. मी थांबलो. बराच वेळ थांबलो. ती म्हणाली, 'आसन. मी नसन बी तिथं.'"

"मग?" मी विचारलं.

"सुटला. सरकारी वकिलानं फेरतपासणी घेतली नाही. बार रूममध्ये लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. पंधरा दिवसांनी तो माणूस पेढे घेऊन घरी आला. जाताना चप्पल घालता घालता हसत म्हणाला, साहेब, बाई खरं तेच सांगत व्हती बरं का." सरांनी उन्हासाठी कपाळावर हात धरला. "त्यानंतर मी कोर्टात उभा राहिलो नाही. ती बाई मात्र अजून पिंजऱ्यातच उभी आहे. दर महिन्याला येऊन बघतो."

वंदनानं हळूच विचारलं, "तिचं नाव काय, सर?"

"हजेरीत घेतो ते," सर म्हणाले.

वाडी संपली आणि एकदम सपाट माळ सुरू झाला. कारखान्यांसाठी घेतलेली जमीन. बांध, झाडं, वाटा, सगळं यंत्रानं पुसून टाकलेलं. चुना लावलेले दगड ओळीनं रोवलेले. त्या एवढ्या जळक्या माळावर एकाच ठिकाणी हिरवं होतं. गवताचा एक गोल, बैलगाडी उभी राहील एवढा. परकारानं काढल्यासारखा. शेजारी बाभळीच्या विरळ सावलीत एक म्हातारी बसली होती आणि तिची चार शेरडं पांढऱ्या मातीत तोंड खुपसून काड्या शोधत होती. भुकेनं बरगड्या निघालेल्या. त्या हिरव्या गोलाकडं मात्र एकही जात नव्हतं. मी धनगराघरची, शेळी काय करते ते मला कळतं. भुकेली शेळी हिरवं असं सोडत नाही.

"विहीर बुजवली ती तिथं," सर म्हणाले.

ठकूबाई उठली. आधी तिनं शेरडं मोजली, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून. मग पुन्हा मोजली. मग माझ्याजवळ आली आणि खरबरीत तळवा माझ्या गालावरून, नाकावरून, कपाळावरून फिरवला.

"हायेस का गं?"

"हाय आजी," मी म्हणाले. "गंगापूरकडची हाय. आमची बी मेंढरं व्हती."

"किती हायेत माझी? सांग बरं."

"चार."

"चार," तिनं मान हलवली, पण विश्वास बसला नव्हता. वंदनालाही तसंच चाचपून बघितलं. सरांना हात लावला नाही.

सर तिच्यासमोर उभे राहिले. "ठकूबाई, तुम्ही तिथं होता. तुम्ही पाहिलं ते खरं होतं."

"तवा नव्हते म्हनले. आता व्हते म्हनता. तुमचं कंचं खरं धरू, साहेब?" ती रागानं बोलली नाही. खरंच विचारत होती. "आन् आता तर हीर बी न्हाय. कुनाला इचारलं तर म्हनतात, इथं कुठली हीर? मंग म्या काय पाह्यलं? कुनाला पाह्यलं?"

सर खाली बसले. आम्हाला म्हणाले, "विचारा."

मी विचारलं. ऊन कुठं होतं, ती किती लांब होती, नवऱ्याच्या अंगावर काय होतं. प्रत्येक प्रश्नाला म्हातारी आधी उत्तर द्यायची आणि मग स्वतःच खोडायची. "धोतर व्हतं. नसन बी." मला ऐकू येत होतं की मी पुन्हा उलटतपासणीच करत होते. मी थांबले.

मग वंदना पुढं आली. ती म्हातारीच्या शेजारी मातीतच बसली. गवताच्या गोलाकडं बघत तिनं विचारलं, "आजी, शांता तेव्हा कुणीकडं बघत होती?"

म्हातारीचा हात हवेतच राहिला. कुठंही पाखरू नव्हतं, वारा नव्हता. आणि माझी शप्पथ, त्या गोलातलं गवत तेवढं हललं.

"माझ्याकडं," ठकूबाई म्हणाली.

वंदना तिच्याजवळ आणखी सरकली.

"माझ्याकडंच बघत व्हती. काठाला येका हातानं धरल्यालं. म्हनली, ठकूआत्या, धर. म्या शेरडं सोडून पळाले. पोचस्तोवर..." तिनं तळवा उघडून बघितला. "समदे मला इचारायचे, तू काय पाह्यलं, तू काय पाह्यलं. तिनं काय पाह्यलं ते कुनीच नाय इचारलं. तिनं मला पाह्यलं. माझं नाव घेतलं तिनं. मी नसते तर कुनाचं घेतलं आसतं?"

तिनं स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला. माझ्या तोंडावरून फिरवला होता तसा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश.

"व्हते मी," ती म्हणाली. "व्हते."

मग ती रडली. शांतासाठी रडली. त्याआधी तिला रडताच आलं नसावं, कारण बाई बुडालीच की नाही याचीच तिला खात्री उरली नव्हती. वंदनानं तिला धरून ठेवलं. सर चार पावलांवर बसले होते, दोन्ही तळहात गुडघ्यांवर उताणे ठेवून.

निघताना ठकूबाईनं शेरडं मोजली नाहीत. नुसती हाळी दिली आणि ती तिच्यामागं चालायला लागली. पुढं जाऊन ती वळली.

"साहेब, तुमी आता येऊ नका."

"का, ठकूबाई?"

"माझं काम झालं. तुमचं न्हाय झालं. ते हितं नका घेऊन येऊ."

सरांनी हात जोडले.

परतीच्या काळीपिवळीत मी वंदनाला म्हणाले, "तुझ्या सलवारीचा चिखल मी पाहिला होता."

"माहितीय," ती म्हणाली. "तू पाहिलंस आणि तरी विचारलंस. म्हणूनच मला वाटलं, मीच चुकत असेन." बऱ्याच वेळानं तिनं माझ्या हातावर हात ठेवला. खिडकीबाहेर बघत होती, हात मात्र काढला नाही.

सोमवारी हजेरी शेवटच्या नावाला संपली. सरांनी पट मिटला. वर्ग सवयीनं दाराकडं बघत राहिला.

त्या पावसाळ्याच्या तोंडावर ठकूबाई गेली. पाऊस पडायच्या आधी. सर निवृत्त झाले. आम्ही वकिलीची सनद घेतली. वंदना आता गरिबांच्या फौजदारी केसेस बघते आणि तिच्या फेरतपासण्या ऐकायला दुसऱ्या कोर्टातले वकील येऊन बसतात. मी उलटतपासणीत चांगली आहे असं लोक म्हणतात. साक्षीदार गप्प झाला की मी आता थांबत नाही, पुढचा प्रश्न विचारते. जिंकलेल्या केसेस त्यामुळं थोड्या कमी असतील.

सरांना शेवटचं पाहिलं ते सनद घेतल्यावर दोनएक वर्षांनी. मी जालन्याला तारखेसाठी निघाले होते. शेंद्र्यापुढं रस्त्याचं काम चालू होतं म्हणून बस आतल्या वळणानं गेली. त्या माळावर आता कारखान्याची लांबच लांब पत्र्याची शेड होती आणि भोवती छातीएवढं लोखंडी कुंपण. भर दुपारी कुंपणाच्या बाहेर हिवराळे सर उभे होते. पांढरा शर्ट, डोक्यावर काही नाही. मी कंडक्टरला ओरडून बस थांबवली आणि उतरून त्यांच्याकडं गेले.

त्यांचे दोन्ही हात कुंपणाच्या वरच्या दांडीवर होते. लोखंड तापून नुसतं चटकत असणार, पण हात हलत नव्हते. नजर समोर, शेडच्या भिंतीवर. मी अगदी जवळ पोहोचले तेव्हा ऐकू आलं. ते हळू आवाजात बोलत होते. "होय." मग थोडं थांबून, "होय, मला माहीत होतं." मग पुन्हा थांबून, "नाही. पेढे मी परत केले नाहीत."

"सर," मी हाक मारली.

त्यांनी मान वळवली. मला ओळखलं. चेहऱ्यावर ओशाळलेलं हसू आलं, एखाद्याला नको त्या वेळी गाठल्यावर येतं तसं.

"वकीलबाई, जरा थांबा," ते म्हणाले. "माझी उलटतपासणी चालू आहे."

मी थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही. आत यंत्रं चालू होती, गेटवरचा रखवालदार आमच्याकडं न बघता बिडी ओढत होता. मला तारखेला पोहोचायचं होतं. मी सरांच्या पाठीला नमस्कार केला आणि रस्त्याला लागले. वळणावरून मागं बघितलं. त्यांचं उत्तर देऊन झालं होतं, आणि पुढचा प्रश्न नीट ऐकू यावा म्हणून ते मान थोडी कलती करून उभे होते.